मलाक्का : रंगीत नगरी आणि पाद्रीची जमीन

(सुवर्णमहोत्सवानिमित्त धर्मग्रामाच्या सभागृहांत दिलेलें व्याख्यान)



महोत्सव समितीनें आम्हांस एक अट घातली आहे. आज प्रवचन नको, असें तिचें म्हणणें. प्रवचनें तुम्ही दर रविवारीं ऐकतांच, आणि बहुतेक जण जांभई आवरून ऐकतां, याबद्दल आम्ही तुमचे ऋणी आहों. तेव्हां आज परदेशांतील एका नगरीची हकीकत सांगण्याचें आम्हीं पत्करलें आहे. ती नगरी म्हणजे मलेशिया देशाच्या पश्चिम किनाऱ्यावरील मलाक्का. गतवर्षीं जूनच्या अखेरच्या आठवड्यांत क्वालालंपूर येथें एका बैठकीच्या निमित्तानें आमचें जाणें झालें. बैठक आटोपल्यावर चार दिवस हातीं उरले. ते कोठें घालवावे याचा विचार करण्याची गरजच नव्हती. संत फ्रान्सिस झेवियर यांचें चरित्र ज्यानें लहानपणीं वाचलें आहे, त्याला मलाक्का हें नांव गोवा व वसई यांच्या जोडीनें ठाऊक असतेंच.

क्वालालंपूरहून मोटारबसनें दोन तासांत मलाक्का येतें. शहर विषुववृत्तापासून सुमारें सव्वादोन अंश उत्तरेस आहे, त्यामुळें तेथें उन्हाळा व पावसाळा हे दोघे एकाच दिवशीं भेटीस येतात. समोर मलाक्क्याची सामुद्रधुनी, आणि तिच्या पलीकडे सुमात्रा बेट. वाफेचीं जहाजें निघण्यापूर्वीं साऱ्या पूर्वेचा व्यापार या चिंचोळ्या पाण्यांतून चाले, आणि तो वाऱ्याच्या मर्जीनें चाले. नैर्ऋत्येच्या वाऱ्यावर गुजराथेचीं व आपल्या किनाऱ्याचीं गलबतें तेथें पोंचत. ईशान्येच्या वाऱ्यावर चीनचीं जहाजें खालीं उतरत. वारा फिरेपर्यंत सर्वांस महिनोन्महिने तेथेंच मुक्काम करावा लागे. लवंग, जायफळ, रेशीम, कापड यांचा सौदा होई. त्याबरोबर संसारही थाटले जात. तोमे पिरेस नांवाचा एक पोर्तुगीज औषधविक्या १५१२ ते १५१५ या काळांत तेथें होता. त्या एका बंदरांत चौऱ्यायशीं भाषा बोलल्या जातात, अशी नोंद त्यानें करून ठेविली आहे. चौऱ्यायशीं मोजतांना त्याची बोटें चुकलीं असतील असें धरलें, तरी बाजार केवढा असेल याची कल्पना येते.

शहरांत शिरतांच डोळ्यांत भरतो तो तांबडा रंग. नदीच्या पुलालगत एक चौक आहे. त्याच्या एका अंगास डच गव्हर्नरांचा ‘स्टाडथाउस’ हा वाडा, दुसऱ्या अंगास डचांनीं बांधलेलें ख्राइस्ट चर्च, मध्यें कारंजें व घड्याळाचा मनोरा. आणि हें सर्व काव फासल्यासारखें एकाच तांबड्या रंगाचें. पाहणाऱ्यास वाटावें कीं डच लोकांस हा रंग फारच प्रिय होता. परंतु या इमारती मुळांत पांढऱ्या होत्या. हा रंग त्यांस इंग्रजांच्या अमलांत, विसाव्या शतकाच्या आरंभीं चढविला गेला. ख्राइस्ट चर्चचा पाया १७४१ सालीं, शहर जिंकल्यास शंभर वर्षें झालीं म्हणून घातला व काम १७५३ सालीं पुरें झालें. आंत गेल्यावर छताकडे अवश्य पाहावें. आडव्या तुळया पन्नास फुटांच्या आसपास लांब असून प्रत्येक तुळई एकाच झाडाची, सांधा नाहीं. आपल्या मंदिराच्या छपराचें काम ज्या सुतारमंडळींनीं केलें, त्यांची आठवण आम्हांस तेथें झाली.

चौकांत तीनचाकी सायकलरिक्षांची रांग लागलेली असते. त्यांस कागदी फुलें, रंगीत दिवे, आणि मुलांच्या चित्रपटांतील मांजरें व अस्वलें यांनीं असें मढविलेलें असतें कीं आंत माणूस कोठें बसावा असा प्रश्न पडतो. प्रत्येकीवर गाणें वाजत असतें आणि प्रत्येकीचें गाणें निराळें. त्याविषयीं अधिक बोलत नाहीं.

पूल ओलांडला कीं चिनी व्यापाऱ्यांची वस्ती लागते. घरें दर्शनीं अरुंद व आंत भुयारासारखीं लांबच लांब. घराच्या रुंदीवर डच लोक कर घेत, म्हणून तीं अशीं बांधलीं, असें तेथें सांगतात. भिंती निळ्या, हिरव्या, गुलाबी. दारांवर सोनेरी अक्षरें. अंगणांतून आकाश दिसतें. चिनी पुरुष व मलाई स्त्रिया यांच्या संसारांतून ‘बाबा’ व ‘न्योन्या’ म्हणून ओळखली जाणारी एक जातच तेथें निर्माण झाली. तसेच तेथील चिट्टी लोक. हे तामीळ व्यापाऱ्यांचे वंशज. देव हिंदूंचे, नांवें तामीळ, आणि घरांत बोलतात मलाई. त्यांचें १७८१ सालचें विनायकाचें देऊळ, १७४८ सालची मशीद व सतराव्या शतकांतील चिनी मंदिर एकाच रस्त्याच्या ओळींत, हांकेच्या अंतरावर उभीं आहेत. मशिदीचें छप्पर उतरतें व तीन मजली आहे. आपल्याकडील घुमट शोधणारा तेथें फसतो. २००८ सालीं युनेस्कोनें या शहरास जॉर्जटाऊनसह जागतिक वारशाचा मान दिला, तो या मिश्रणाकडे पाहूनच.

आतां टेकडीवर जाऊं. चौकाच्या मागें सेंट पॉल टेकडी आहे. चढण थोडीच आहे. गुडघेदुखीच्या माणसानेंही भिऊं नये. माथ्यावर छप्पर नसलेलें एक मंदिर आहे. १५२१ सालीं दुआर्ते कोएल्यो नांवाच्या पोर्तुगीज सरदारानें पवित्र मातेच्या नांवें तेथें लहानसें मंदिर बांधलें. १५४८ सालीं तें येशूसंघीयांच्या स्वाधीन झालें. संत फ्रान्सिस झेवियर १५४५ सालीं प्रथम मलाक्क्यास आले व पुढें अनेक वेळां येत जात राहिले. याच शहरांत १५४७ च्या डिसेंबरांत त्यांस अंजिरो नांवाचा जपानी मनुष्य भेटला. त्याच्या तोंडून जपानची हकीकत ऐकून संत तेथें जाण्यास उत्सुक झाले आणि १५४९ सालीं मलाक्क्याहूनच जपानास निघाले.

पण या शहरानें संतास सन्मानच दिला असें नाहीं. १५५२ सालीं चीनला वकिलात नेण्याचा बेत ठरला होता. व्यापारी दियोगो परेरा वकील व्हावयाचे व फादर फ्रान्सिस त्यांच्याबरोबर जावयाचे. मलाक्क्याचा कप्तान दों आल्व्हारो दे आताईद, म्हणजे वास्को द गामा याचा मुलगा, यानें परेराला अडविलें. पोपमहाशयांचे वकील या नात्यानें संतानें आपले अधिकारपत्र पुढें केले; कप्तानानें त्यांस जुमानलें नाहीं. शेवटीं संत परेराविना निघाले. निघतांना त्यांनीं पायांतील जोड्यांची धूळ झटकली, असें परंपरा सांगते. त्याच वर्षीं ३ डिसेंबर रोजीं चीनच्या दारांत, सान्च्यान बेटावर त्यांचा अंत झाला. १५५३ च्या मार्चांत त्यांचा देह मलाक्क्यास आणला आणि याच टेकडीवरच्या मंदिरांत पुरला. ऑगस्टांत तो पुन्हां वर काढला गेला आणि १५५४ च्या मार्चांत गोव्यास पोंचला. पुढील कथा तुम्हां सर्वांस ठाऊक आहे, कारण आपल्यापैकीं कित्येकांनीं जुन्या गोव्यास जाऊन ती डोळ्यांनीं पाहिली आहे.

मलाक्क्यास उरला आहे तो रिकामा खड्डा. वर लोखंडी जाळी आहे. लोक त्यांतून नाणीं टाकतात. भिंतींना टेकवून डच काळांतील प्रचंड थडगेशिला उभ्या केल्या आहेत, कारण शहर जिंकल्यावर डचांनीं हें मंदिर आपल्या उपासनेसाठीं घेतलें आणि खालीं नवें चर्च झाल्यावर त्याचें दफनस्थान केलें. बाहेर संताची पांढरी मूर्ति आहे. ती १९५२ सालीं त्यांच्या मृत्यूस चारशें वर्षें झालीं म्हणून बसविली. तिचा उजवा हात तुटलेला आहे. मूर्ति आशीर्वादित झाल्यावर लगेच सुरूचें झाड कोसळून तो भंगला असें सांगतात. संताच्या देहाचा उजवा हातही १६१४ सालीं वेगळा करून रोमला नेलेला आहे, हें ज्यांस ठाऊक आहे ते त्या मूर्तीपुढें थोडा वेळ गप्प उभे राहतात. आम्हीही राहिलों.

टेकडीच्या पायथ्याशीं किल्ल्याचा एकच दरवाजा उरला आहे. आफोंसो द आल्बुकर्क यानें १५११ सालीं मलाक्का घेतलें आणि लगेच ‘आ फामोसा’ नांवाचा किल्ला उठविला. १८०७ सालीं इंग्रजांनीं तो सुरुंग लावून पाडला. स्टॅम्फर्ड रॅफल्स मध्यें पडला म्हणून हा एवढा सांतियागो दरवाजा बचावला. कमानीवर शिलालेख पाहावा तर साल १६७० व चिन्ह डच कंपनीचें! पोर्तुगिजांचा दरवाजा, त्यावर डचांची मोहर, पाडणारा इंग्रज, वांचविणाराही इंग्रज, आणि आज त्याखालीं सावलीस बसणारा मलाई शहाळेवाला. त्या काळीं समुद्र या दरवाजापुढेंच होता. आज समुद्र दिसत नाहीं. पुढें मैदान, दुकानांच्या उंच इमारती, आणि त्याहीपुढें भर घालून केलेली नवी जमीन. समुद्र कोणीकडे, असें आम्हांस विचारावें लागलें. समुद्रावर वाढलेल्या शहरांत हा प्रश्न विचारावा लागावा, हें आमच्या मनास लागलें.

आतां ज्या गोष्टीसाठीं आम्ही मुख्यतः बोलावयास उभे आहों, तिच्याकडे वळतों. १६४० च्या ऑगस्टापासून डच कंपनी व जोहोरचा सुलतान यांनीं मलाक्क्यास वेढा दिला. १६४१ च्या जानेवारींत शहर पडलें. सरदार, व्यापारी, धर्मगुरू यांतील पुष्कळसे निघून गेले. मागें राहिली ती गरीब प्रजा : पोर्तुगीज पुरुष व तेथल्या स्त्रिया यांचीं लेकरें, जाळीं टाकून पोट भरणारीं. डचांनीं कॅथलिक उपासनेस बंदी केली. येथें न्यायानें एक सांगितलें पाहिजे. याच डचांनीं पुढें चिट्टी लोकांस देवळासाठीं जागा दिली. तेव्हां त्यांचा मुख्य धाक पोर्तुगालचा होता. कॅथलिक मनुष्य म्हणजे शत्रूचा माणूस, असा त्यांचा हिशेब. तरी ज्याच्या घरीं मूल बाप्तिस्म्यावांचून आहे त्याला हा राजकारणाचा हिशेब काय उपयोगाचा? लोक घरांत व रानांत चोरून जमत. धर्मगुरू चोरून येत, पुष्कळदां येतही नसत. तेव्हां प्रार्थना, उपवास, मिरवणुकीची रीत हें सारें सामान्य प्रापंचिक माणसांनीं सांभाळलें. ‘इर्मांग दि ग्रेझा’ म्हणजे ख्रिस्तमंदिराचे बंधू, अशी त्यांची मंडळी तेथें अजून आहे.

पुढें डचांचा हात सैल झाला आणि १७१० सालीं सेंट पीटर्स मंदिर उभें राहिलें. मलेशियांत आजपर्यंत अखंड चालू असलेलें सर्वांत जुनें कॅथलिक मंदिर तें हेंच. शुभ शुक्रवारीं तेथें मृत ख्रिस्ताची मूर्ति मिरवितात आणि दूरदूरच्या गांवांहून माणसें येतात. आम्ही गेलों तो साधा वार होता. मंदिरांत दोन म्हाताऱ्या जपमाळ करीत होत्या. आम्हांस पाहावयाची होती ती घंटा. तिच्यावर १६०८ हें साल आहे व ती गोव्यांत ओतलेली आहे.

वसईच्या माणसास घंटेचें एवढें काय, असें कोणी विचारणार नाहीं. १७३९ सालीं चिमाजी अप्पांच्या फौजेनें वसई घेतली, तेव्हां आपल्या मंदिरांच्या घंटा देशावर गेल्या. नाशिकास नारोशंकराच्या देवळांत टांगलेली ती मोठी घंटा १७२१ सालची. भीमाशंकरालाही एक आहे, तिच्यावर क्रूस आहे. तेथें त्या भक्तिभावानेंच वाजविल्या जातात, त्याबद्दल आमच्या मनांत किल्मिष नाहीं. इतकेंच कीं मलाक्क्यास राज्य गेलें आणि घंटा राहिली, वसईस राज्य गेलें आणि घंटाही गेली. माणसें मात्र दोन्हीकडे राहिलीं. आपल्या इकडे काय घडलें तें आपण आजोबांकडून ऐकलें आहे. तेथें काय घडलें तें पाहण्यास आम्ही शहराबाहेर तीन-चार किलोमीटरांवर उजोंग पासिर येथें गेलों.

तेथें समुद्रकांठीं या कॅथलिक लोकांची वसाहत आहे. शहरांत विखुरलेल्या गरीब कोळ्यांस हक्काचें छप्पर मिळावें म्हणून १९३० नंतरच्या दशकांत फ्रेंच धर्मगुरू फादर फ्रान्स्वा व पोर्तुगीज मिशनचे फादर कोरोआदो यांनीं खटपट करून सुमारें २८ एकर जागा मिळविली. लोक तिला अजून ‘पाद्री सा चांग’ म्हणतात, म्हणजे पाद्रीची जमीन. पाद्री हा शब्द तर आपलाच! त्यांच्या बोलीस ‘क्रिस्तांग’ म्हणतात. तींत किल्लीला ‘चाबी’, पावाला ‘पांग’, मेजाला ‘मेझा’ असे शब्द ऐकून आम्हांस परमुलखांत असल्याची जाणीवच राहिली नाहीं. घरांच्या पाट्यांवर परेरा, लोपीस, फर्नांडिस, डिकॉस्टा. आपल्याच धर्मग्रामाची यादी कोणी तेथें नेऊन चिकटविली आहे कीं काय, असें वाटावें.

या बोलीचें एक भावंड आपल्या शेजारींच आहे. रेवदंड्याजवळ कोर्लई गांवांतील कॅथलिक लोक घरांत अशीच एक पोर्तुगीज मिश्र बोली बोलतात. तिला ते ‘नो लिंग’, म्हणजे आपली भाषा, म्हणतात. १७४० सालीं पोर्तुगीज तेथून गेले, बोली राहिली. कोर्लईस तिनें मराठीचें वळण घेतलें, मलाक्क्यास मलाईचें. राजे गेल्यावर त्यांचे शब्द अशा लोकांनीं जपावे ज्यांस त्या राजांनीं फारसें कांहींच दिलें नव्हतें, याचें नवल वाटतें.

आणखी एक ओळखीची गोष्ट. हे कोळी ‘गेरागो’ धरतात. गेरागो म्हणजे आपला जवळाच म्हणा. कमरेएवढ्या पाण्यांत उभें राहून बांबूच्या दोन काठ्यांस बांधलेलें जाळें पुढें ढकलीत चालावयाचें. जाळ्याचें नांव ‘लांगियांग’. त्या बारीक जीवाचें आंबवून ‘चिंचालोक’ करतात, कुटून व वाळवून ‘बेलाचान’ करतात. शहरचे लोक पूर्वीं याच शब्दानें त्यांस हिणवीत. नाताळांत उरल्यासुरल्या मांसांत मोहरी, शिरका व मिरच्या घालून ‘कारी देबाल’ करतात. तें आपल्या विंदालूचें थोरलें भावंड. आम्हीं तें चाखलें आणि पाण्याचे तीन पेले रिते केले.

आम्ही तेथें असतांना २९ जून, संत पेत्राचा सण आला. होड्यांस रंग दिला होता, पताका लावल्या होत्या, आणि धर्मगुरूंनीं एकेक होडी आशीर्वादित केली. पण होड्या थोड्या होत्या. गेल्या कित्येक वर्षांत समोरचा समुद्र मातीनें भरून काढण्यांत आला आहे. जेथें जाळें ढकलीत चालत तेथें आतां इमारती आहेत. पाणी गढूळ झालें, गेरागो दूर गेला, आणि पायीं चालून धरावयाची मासळी होडीनें शोधावी लागते. तरुण मुलें शहरांत, सिंगापुरांत नोकरी करतात. बोलीची तीच दशा. युनेस्कोनें तिला गंभीर धोक्यांतील भाषांत धरलें आहे. मुलांस ती समजते, पण उत्तर इंग्रजींतून येतें. कांहीं मंडळी संध्याकाळीं मुलांस जमवून क्रिस्तांग शिकवितात, शब्दांचे संग्रह करतात. डचांची बंदी जिला मारूं शकली नाहीं, तिला चांगली शाळा, चांगली नोकरी व भरलेला समुद्र हे मिळून मारतील काय, हा तेथील शहाण्या लोकांपुढील प्रश्न आहे. मुलांनीं गरीब राहून बोली जपावी असें म्हणण्याचा आम्हांस अधिकार नाहीं. पण सामवेदी व वाडवळी बोलणाऱ्या किती घरांत आतां मुलांशीं कोणत्या भाषेंत बोलतात, हें आम्ही घरभेटीच्या वेळीं ऐकतों, तेव्हां तो प्रश्न मलाक्क्यापुरता आहे असें म्हणवत नाहीं.

सणाच्या संध्याकाळीं एका घराच्या पायरीवर आम्ही बसलों होतों. घरची वृद्ध आई जाळ्याची गांठ सोडवीत होती. तिचा नवरा व सासरा दोघेही गेरागो धरीत. आम्ही हिंदुस्थानांतील समुद्रकांठच्या एका धर्मग्रामांतून आलों, तेथेंही परेरा व लोपीस आहेत, तेथेंही जवळा खातात, असें सांगितल्यावर ती हंसली. मग तिनें विचारलें, तुमच्या मंदिरापासून समुद्र अजून जवळ आहे ना? आहे, असें आम्हीं उत्तर दिलें. तेवढ्यानें तिचें समाधान झालें नाहीं. किती पावलांवर, असें तिनें पुन्हां विचारलें, आणि आम्हांस पावलें मोजलेलीं नव्हतीं.

मलाक्क्याचीं कांहीं छायाचित्रें मागील मेजावर मांडून ठेविलीं आहेत. वडील मंडळींनीं आधीं पाहावीं. मुलांनीं महोत्सवाचा लाडू खाऊन झाल्यावर हात धुऊन मग हात लावावा.